एकपात्रीत बीथोव्हेन: संगीतकाराचं आयुष्य रंगमंचावर कसं उभं करावं

संगीतकारावरचा एकपात्री प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं. नट दीड तास संगीताबद्दल बोलत राहतो आणि खुद्द संगीत त्याच्या बोलण्यामागे कुठेतरी हळू आवाजात वाजत असतं. घरी जाताना प्रेक्षकाला तीन किस्से आठवतात, पण एकही सूर आठवत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: शब्दांनी प्रेक्षकाचा कान तयार करायचा, आणि कान तयार झाला की नटानं गप्प बसायचं. संहिता, नेपथ्य, प्रकाश, तालीम, सगळं या एका गोष्टीसाठी.

उदाहरण म्हणून मी बीथोव्हेन घेतला आहे. त्याच्याबद्दलची कागदपत्रं भरपूर उपलब्ध आहेत, आणि हळूहळू बहिरा होत गेलेल्या या जर्मन संगीतकाराच्या आयुष्यात 'ऐकणं' हाच मुख्य पेच आहे. पद्धत मात्र कोणत्याही संगीतकाराला लावता येईल.

कोण बोलतंय, कुणाशी आणि कधी

लिहायला बसण्यापूर्वी या तीन प्रश्नांची उत्तरं एकेका वाक्यात कागदावर हवीत. बोलणारा स्वतः संगीतकार असू शकतो, त्याला जवळून पाहिलेला एखादा साक्षीदार असू शकतो किंवा भूमिकेत शिरणारा-बाहेर येणारा निवेदक. निवेदक सर्वांत सोपा, कारण त्याला तारखा सांगता येतात. पण तारखा सांगता येतात म्हणूनच तो व्याख्याता होऊन बसतो. साक्षीदार चांगला असतो, मात्र त्याला स्वतःचं काहीतरी दुखणं हवं. शिष्य फर्डिनांड रीस, पुतण्या कार्ल, नोटेशनची प्रत करणारा एखादा लेखनिक, यांपैकी कुणीही चालेल.

स्वतः बीथोव्हेनच बोलणार असेल, तर तो कुणाशी बोलतोय हा खरा प्रश्न. 'प्रेक्षकांशी' हे उत्तर पुरत नाही. इथे इतिहासानं आपल्या हाती एक विलक्षण साधन ठेवलं आहे. १८१८ पासून भेटायला येणारी माणसं त्याच्याशी वहीत लिहून बोलत. अशा सव्वाशेहून अधिक वह्या आज शिल्लक आहेत. बीथोव्हेन बहुधा तोंडी उत्तर देई, त्यामुळे वह्यांत समोरच्याचं बोलणं आहे आणि त्याचं स्वतःचं जवळजवळ नाही. म्हणजे संवादाची एक बाजू कागदावर उरली आणि दुसरी हवेत विरली. एकपात्री लिहिणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. विरलेली बाजू लिहिणं हेच आपलं काम.

रंगमंचावर हे असं करता येतं. नट वही उचलतो, दिव्याजवळ धरतो, लिहिलेलं वाक्य अर्धवट मोठ्यानं वाचतो आणि उत्तर देतो. मी रचलेलं एक उदाहरण देतो. वहीत ओळ आहे: 'आज तालीम कशी झाली?' तो वाचतो. वही मिटतो. 'मला काय विचारतोस? ज्यांनी ऐकली त्यांना विचार.' दुसऱ्या माणसाचा आवाज काढायची गरजच उरत नाही. नट वाचतो म्हणजे त्याला ऐकू येत नाही, हेही प्रेक्षकाला न सांगता कळतं.

आता 'कधी'. जन्मापासून मरणापर्यंत जाऊ नका. बॉनमधलं बालपण, दारुडे वडील, १७९२ मध्ये व्हिएन्नाला येणं, संगीतकार हायडनकडे शिकणं हे सगळं क्रमानं सांगायला घेतलं की पहिली चाळीस मिनिटं तयारीतच जातात. एक रात्र निवडा. मी ७ मे १८२४ ची रात्र घेईन. नवव्या सिम्फनीचा (सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी, अनेक भागांची रचना) पहिला प्रयोग नुकताच संपला आहे, बीथोव्हेन ५३ वर्षांचा आहे, नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं, आणि मिळालेल्या पैशांनी मात्र त्याची निराशा केली आहे. तो घरी परतला आहे. या रात्रीतून मागे दोनदाच जायचं: एकदा ऑक्टोबर १८०२ मध्ये आणि एकदा २२ डिसेंबर १८०८ ला. दोन्ही प्रसंग पुढे येतील.

रात्र ठरली की काय गाळायचं तेही आपोआप ठरतं. पुतण्यानं १८२६ मध्ये केलेला आत्महत्येचा प्रयत्न, शेवटचं आजारपण, २९ मार्च १८२७ ची प्रचंड अंत्ययात्रा आणि तीत मशाल घेऊन चालणारा संगीतकार शूबर्ट, हे सगळं या रात्रीनंतरचं. इतकं नाट्यमय साहित्य सोडताना जीव तुटतो. तरीही सोडा.

खरं, ऐकीव आणि आपलं

वाचन सुरू केलंत की वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात कागदोपत्री पक्कं ते, दुसऱ्यात कुणीतरी सांगितलेलं, तिसऱ्यात तुम्ही रचलेलं. बीथोव्हेनच्या बाबतीत हे फार जपून करावं लागतं, कारण त्याचा सहायक आणि चरित्रकार आंटोन शिंडलर यानं वह्यांमध्ये मागाहून खोट्या नोंदी घुसवल्याचं १९७० च्या दशकात संशोधकांनी उघड केलं. पाचव्या सिम्फनीच्या सुरुवातीला 'नियती दार ठोठावते' ही प्रसिद्ध कल्पना शिंडलरकडूनच आली. कॉफीसाठी मोजून साठ बिया घेण्याचा किस्साही त्याचाच. निवेदक असेल तर 'असं म्हणतात' म्हणून हे वापरता येतं. पण बीथोव्हेन स्वतः बोलत असेल तर त्याच्या तोंडी दुसऱ्या रकान्यातलं काहीही पक्क्या सत्यासारखं घालू नका.

नावांचंही असंच. त्याच्या एका प्रसिद्ध सोनाट्याचं (सोनाटा म्हणजे इथे पियानोसाठीची अनेक भागांची रचना) 'मूनलाइट' हे नाव त्यानं कधी ऐकलंच नाही. समीक्षक लुडविग रेलश्टाबच्या चांदण्याच्या उपमेवरून ते रूढ झालं ते बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर. 'फ्युअर एलिझं' ही पियानोची छोटी रचना छापली गेली १८६७ मध्ये, म्हणजे तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. तुमचा नायक १८२४ मध्ये 'माझा मूनलाइट' म्हणाला तर जाणकार प्रेक्षक तिथेच सुटतो. त्यानं 'सी शार्प मायनरचा सोनाटा' म्हणावं. सूर सुरू झाला की बाकीचे ओळखतातच, आणि नाव न सांगता ओळखल्याचा आनंद वेगळा असतो.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे हायलिगेनश्टाटचं मृत्युपत्र. ६ ऑक्टोबर १८०२ ला लिहिलेलं, १० ऑक्टोबरला पुरवणी जोडलेली, भावांना उद्देशून, पण कधीच न पाठवलेलं. त्याच्या मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडलं. त्यात तो लिहितो की शेजारी उभ्या माणसाला दुरून बासरी ऐकू येत होती, मेंढपाळाचं गाणं ऐकू येत होतं आणि मला काहीच नाही. आणखी एक तपशील नटानं मनाशी धरून ठेवावा. दोन भावांपैकी कार्लचं (पुतण्या कार्लच्या वडिलांचं) नाव लिहिलेलं आहे, योहानच्या नावाची जागा मात्र कोरी सोडलेली आहे. का, याचं उत्तर देऊ नका. वाचताना त्या कोऱ्या जागेपाशी फक्त थांबा.

संगीताची निवड

मध्यंतराशिवाय नव्वद मिनिटं हा एकपात्रीसाठी चांगला आवाका आहे. त्यातली तीस मिनिटं निखळ संगीताची ठेवा. उरलेल्या साठ मिनिटांत, थांबे आणि हालचाली धरून मिनिटाला साधारण शंभर शब्द धरले, तर संहिता सहा हजार शब्दांची होते. पहिला खर्डा हमखास दहा हजारांचा होतो. कात्री संगीताला नाही, शब्दांना लावायची.

तुकडे सात-आठपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक तुकड्यातून प्रेक्षकानं नेमकी एक गोष्ट ऐकायला शिकावी. माझी निवड आणि तिच्यामागचा विचार असा:

पाचवी सिम्फनी. फक्त सुरुवातीचे चार स्वर, पण त्याआधीची शांतता दाखवून. स्वरलेखनात ही सिम्फनी स्वरानं सुरूच होत नाही, आधी एक छोटा विराम लिहिलेला आहे. नटानं हात वर नेऊन तो विराम श्वासासारखा घ्यावा आणि मग स्वर वाजवावेत. शांतता हाही संगीताचा भाग आहे, हे प्रेक्षक इथे तीस सेकंदांत शिकतो आणि पुढे नव्वद मिनिटं ते त्याच्या कामी येतं.

'पातेतीक' सोनाट्याचा दुसरा भाग. आधी पहिली आठ मापंच (माप म्हणजे तालाचा एक ठरावीक विभाग, 'बार') वाजवा. मग हीच धून लगेच वरच्या सप्तकात येते, खालची साथ भरत जाते, एवढंच सांगा आणि पहिल्या मापापासून पुन्हा वाजवा. प्रेक्षक दुसऱ्यांदा ऐकताना पुढे सरकून बसतो.

सी शार्प मायनरच्या सोनाट्याचा पहिला भाग, पूर्ण, जवळजवळ सहा मिनिटं. हा १८०१ चा, म्हणून तो मृत्युपत्राच्या दृश्याला लागून ठेवा. संपूर्ण भाग तारांवरचे डॅम्पर (नाद थांबवणारे गादीचे तुकडे) उचललेले ठेवून वाजवा अशी सूचना बीथोव्हेननं लिहिली होती. त्या काळच्या पियानोवर नाद लवकर विरायचा. आजच्या पियानोवर पेडल तसंच धरून ठेवलं तर चिखल होतो, म्हणून ते अर्धं-अर्धं बदलत वाजवावं लागतं.

तिसऱ्या सिम्फनीचे सुरुवातीचे दोन आघात. नेपोलियननं स्वतःला सम्राट घोषित केल्याचं ऐकून त्यानं 'बोनापार्ट' हे नाव असलेलं या सिम्फनीचं मुखपृष्ठ फाडलं, असं रीसनं लिहून ठेवलं. व्हिएन्नात जपलेल्या दुसऱ्या हस्तलिखित प्रतीच्या मुखपृष्ठावर हे नाव इतक्या जोरात खोडलं आहे की कागदाला भोक पडलं आहे. भोक हे पक्क्या रकान्यातलं. दोन आघात, आणि खोडण्याची कृती. शब्द नकोत.

पुढचे दोन तुकडे एकमेकांना बांधलेले आहेत आणि माझ्या मते प्रयोगाचा कणा तिथेच आहे. २२ डिसेंबर १८०८ ला, कडाक्याच्या थंडीत, थिएटर आन डेर वीनमध्ये चार तासांचा कार्यक्रम झाला. पाचवी आणि सहावी सिम्फनी, चौथा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना), आणि शेवटी पियानो, ऑर्केस्ट्रा व गायकवृंदासाठीची कोरल फँटसी. ती मध्येच कोसळली. बीथोव्हेननं वादन थांबवून पुन्हा सुरू करायला लावलं. या फँटसीतली साधी, गुणगुणता येईल अशी धून वाजवा. पुढे काहीही समजावून न सांगता, वीस-पंचवीस मिनिटांनी, नवव्या सिम्फनीतली आनंदाची धून वाजवा. दोघींचं नातं प्रेक्षकाच्या कानाला आपणहून जाणवतं. सोळा वर्षं एक माणूस एका धूनेच्या मागे होता, हे वाक्य नटानं उच्चारलं तर ते मेलं.

नवव्या सिम्फनीसाठी ध्वनिमुद्रित ऑर्केस्ट्रा आणि शंभर जणांचा गायकवृंद वापरायचा मोह होतो. टाळा. मूळ रचनेतसुद्धा ही धून पहिल्यांदा येते ती फक्त चेलो आणि बासवर, खालच्या सप्तकात, अगदी हळू. पियानोवर डाव्या हातानं, एकट्यानं, तशीच वाजवा.

शेवटी ओपस १११, पियानोसाठीचा त्याचा शेवटचा सोनाटा, १८२२ मध्ये पूर्ण झालेला. दुसऱ्या भागाची 'आरिएता' ही मूळ धून तेवढीच, अडीच-तीन मिनिटं.

लिहिताना

परदेशी पात्र मराठीत बोलायला लागलं की लेखकाच्या हातून नकळत अनुवादित नाटकाची भाषा उतरते: लांब वाक्यं, उद्गारचिन्हं, 'अरे दैवा' वगैरे. ते नको. त्याला आपल्या घरातल्या तापट, हुशार, एकट्या माणसासारखं बोलू द्या. वाक्यं छोटी ठेवा. आर्चड्यूक, कॉन्चेर्टो हे शब्द तसेच राहू देत. त्यांना मराठी प्रतिशब्द शोधले की पात्र पाठ्यपुस्तकातून आल्यासारखं वाटतं.

संगीत चालू असताना बोलायचं का? माझं उत्तर जवळजवळ नेहमीच नाही असं आहे. एक अपवाद खुद्द बीथोव्हेननंच दाखवला आहे. 'फिडेलिओ' ऑपेरातल्या तुरुंगाच्या प्रवेशात पात्रं गात नाहीत, बोलतात, आणि बोलण्याच्या फटींतून ऑर्केस्ट्रा वाजतो. म्हणजे एक वाक्य, मग दोन मापं, मग पुन्हा वाक्य. हे तंत्र प्रयोगात एकदाच वापरा, मृत्युपत्र वाचताना. शब्द आणि स्वर आलटून पालटून यावेत, एकमेकांवर चढू नयेत.

प्रत्येक तुकड्याआधीची शेवटची ओळ स्वतंत्र कागदावर लिहून तपासा. ती ओळ संगीताचं वर्णन करत असेल तर खोडा. 'आणि मग मी हे करुण संगीत लिहिलं' असं म्हटलं की प्रेक्षक करुण ऐकायच्या तयारीला लागतो, ऐकत नाही. ओळीनं एखादा प्रश्न किंवा एखादी वस्तू मागे सोडावी.

बहिरेपण कसं दाखवायचं

मध्येच सगळा आवाज बंद करायचा आणि प्रेक्षकाला 'आता कळलं ना' असं सुचवायचं, ही युक्ती घिसीपिटी तर आहेच, चुकीचीही आहे. त्याचं बहिरेपण एका दिवसात आलं नाही. जून १८०१ मध्ये डॉक्टर मित्र वेगेलरला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की कानांत रात्रंदिवस गुणगुण चालू असते, वाद्यांचे उंच स्वर दुरून ऐकू येत नाहीत, कुणी हळू बोललं तर आवाज कळतो पण शब्द कळत नाहीत, आणि कुणी ओरडलं तर सहन होत नाही. नटासाठी हे चार वेगवेगळे अभिनय आहेत. शब्द न कळणाऱ्या माणसाची नजर बोलणाऱ्याच्या ओठांवर असते. ओरडणं सहन न होणारा मान आधीच मागे घेतो. १८०२ च्या दृश्यात तो हे लपवतो, १८२४ मध्ये लपवायचं सोडून दिलेलं आहे. फरक एवढाच ठेवा.

पियानोपाशी बसलेल्या बहिऱ्या वादकाचं वर्णन व्हायोलिनवादक श्पोर यानं करून ठेवलं आहे. जोरकस जागी बीथोव्हेन इतका आघात करी की तारा खणखणत, आणि हळू जागी इतका हलका हात ठेवी की स्वरांचे गटच्या गट वाजतच नसत. नट स्वतः वाजवत असेल तर 'पातेतीक'च्या धूनेची चार मापं एकदा अशी वाजवावीत: बोटं चालत आहेत, निम्मे स्वर उमटत नाहीत, चेहरा मात्र सगळं ऐकतो आहे. त्यानंतर काही बोलू नये.

७ मे चा प्रसंग सर्वांना माहीत आहे. प्रत्यक्ष संचालन उमलाउफ करत होता, बीथोव्हेन शेजारी उभा राहून लय दाखवत होता, टाळ्या त्याला ऐकू आल्या नाहीत आणि गायिका कारोलिने उंगरनं त्याला प्रेक्षकांकडे वळवलं. हे मधल्या भागानंतर घडलं की अगदी शेवटी, यावर आठवणींत मतभेद आहेत, म्हणून क्षण नेमका सांगू नका. दाखवताना टाळ्यांचा ध्वनी मुळीच वापरू नका. नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा. समोरच्या अंधाराकडे पाहत हात थांबतात. दहा सेकंद काहीच नाही. मग खांद्याला कुणी स्पर्श केल्यासारखा तो वळतो आणि खऱ्या, समोर बसलेल्या प्रेक्षकांना पाहतो.

पियानो, तंत्र आणि जागा

स्वतः वाजवणार असाल तर हातात सहज असलेलंच घ्या. चाळीस मिनिटं बोलल्यावर बोटं थंड पडतात आणि श्वास वर चढलेला असतो. घरी शंभर टक्के जमणारी रचना तिथे ऐंशी टक्केच जमते. वाजवत नसाल तर वाजवण्याचं सोंग करू नका, पहिल्याच मापाला ते उघडं पडतं. त्यापेक्षा नटानं ऐकावं. रंगमंचावर प्रामाणिकपणे ऐकणारा माणूस पाहण्यासारखा असतो. किंवा अर्ध्या प्रकाशात एक वादक बसवा, जो शेवटपर्यंत बोलत नाही. प्रयोग तरीही एकपात्रीच राहतो.

पियानोचं झाकण प्रेक्षकांकडे उघडतं, त्यामुळे वादकाची उजवी बाजू दिसते. बोलत बोलत वाजवायचं असेल तर वाद्य थोडं तिरकं करा, चेहरा मोकळा होतो. सूर लावून घेताना मंचावरचे दिवे अर्धा तास आधीपासून चालू ठेवा. उष्णतेनं सूर हलतो, आणि थंड मंचावर जुळवलेला पियानो प्रयोगात बेसूर होतो. डिजिटल पियानो चालेल, पण त्याच्या ८८ पट्ट्या वजनदार हव्यात आणि पेडल जमिनीला चिकटवलेलं हवं. सरकणाऱ्या पेडलनं माझं एक अख्खं दृश्य घालवलं आहे.

नेपथ्य कमीत कमी: एक टेबल, दोन खुर्च्या, वही, पेन्सिल, कानाला लावायचं धातूचं नळकांडं. विस्कटलेल्या केसांच्या टोपाचा नाद सोडा, एक लांब कोट पुरतो.

ध्वनिमुद्रण वापरणार असाल तर क्यू-शीट, म्हणजे आवाज कधी-कसा सुरू करायचा याचा तक्ता, करा. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: कोणत्या शब्दावर सुरू, किती आवाज, किती वेळ, आणि संपणार कसं. चौथी गोष्ट सगळेच विसरतात. वाक्य अर्ध्यावर असताना आवाज हळूहळू कमी करत नेणं म्हणजे माणसाला बोलता बोलता खोलीबाहेर ढकलणं. धून जिथे विसावते ती जागा शोधा आणि तिथेच थांबवा. हक्कांचंही पाहून घ्या. रचनांवरचे हक्क केव्हाच संपले आहेत, पण नव्या ध्वनिमुद्रणांवर, संपादित आवृत्त्यांवर आणि पत्रांच्या आधुनिक अनुवादांवर हक्क असू शकतात. त्यांची लेखी परवानगी तालमी सुरू होण्याआधीच घ्या.

तालीम

बारा आठवडे धरा. पहिले चार फक्त शब्दांचे, चालत चालत पाठांतर. पुढचे तीन संगीताचे वेगळे. त्यानंतरचे चार सांध्यांचे. शेवटच्या शब्दापासून पहिल्या स्वरापर्यंतचे पाच सेकंद आणि शेवटच्या स्वरापासून पुढच्या शब्दापर्यंतचे पाच सेकंद, एवढाच तुकडा घेऊन वीस-वीसदा करा. एकपात्रीतल्या चुका इथेच होतात: नट उठायची घाई करतो, पान उलटतो, घसा साफ करतो. शेवटचा आठवडा रंगीत तालमींचा, सलग, न थांबता.

त्यातल्या एका तालमीला संगीत न शिकलेली दहा-पंधरा माणसं बोलवा. 'कसं वाटलं' विचारू नका, छानच म्हणतील. आजची एखादी धून गुणगुणून दाखवाल का, असं विचारा. निम्म्या लोकांना आनंदाची धून गुणगुणता आली नाही, तर तिच्या आधीची पाच मिनिटं पुन्हा लिहा. दुसरा प्रश्न: घड्याळाकडे कधी पाहिलंत? दोघांनी एकच जागा सांगितली की ती जागा काढा, तुम्हाला कितीही आवडत असली तरी.

शेवटच्या दृश्याला मृत्यूची गरज नाही. १८२४ ची ती रात्र आहे, वही टेबलावर मिटलेली आहे, नट आरिएता वाजवतो किंवा ऐकतो. शेवटच्या स्वरानंतर प्रकाशयोजना करणाऱ्याला स्पष्ट सूचना द्या: नाद पूर्ण विरेपर्यंत दिवा हलवायचा नाही, आणि विरल्यानंतर मनात सातपर्यंत मोजायचं. मग अंधार.